कॅथलिक टीव्ही आणि रेडिओमुळे श्रद्धा खरंच वाढते का? – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कुणी सकाळी उठल्या उठल्या टीव्हीवर मिस्सा (चर्चमधला मुख्य उपासनाविधी) लावतं, कुणी कामावर जाताना हेडफोनवर रोझरी (जपमाळेची प्रार्थना) ऐकतं, कुणी रात्री झोप येत नाही म्हणून प्रवचन लावून पडून राहतं, आणि मग कधीतरी प्रश्न पडतोच की याने खरंच काही होतं का, की नुसतंच बरं वाटतं. तेच तेच प्रश्न सगळीकडे येत असतात म्हणून एकदाच सगळं लिहून टाकलंय. काही उत्तरं लांबलीत, काही चार ओळीत संपलीत. जिथे चर्चचा नियम आहे तिथे नियम सांगितलाय आणि जिथे माझं मत आहे तिथे ते माझंच आहे हे कळेल.

टीव्ही बघून किंवा रेडिओ ऐकून श्रद्धा वाढते म्हणजे नेमकं काय होतं?

संत पौल रोमकरांना लिहिलेल्या पत्राच्या १० व्या अध्यायात म्हणतो की विश्वास ऐकण्यातून येतो, आणि सांगणाराच कुणी नसेल तर लोक ऐकणार कसे असंही तो तिथेच विचारतो. म्हणजे श्रद्धा आणि कान यांचं नातं पहिल्यापासूनचं आहे, रेडिओ फार नंतर आला.

आता प्रत्यक्षात काय होतं ते बघू. एक तर माहिती मिळते, आणि ही लहान गोष्ट समजू नका, कारण आपल्यापैकी बहुतेकांचं धर्मशिक्षण दृढीकरण संस्कार (बाप्तिस्म्यातली श्रद्धा पक्की करणारा विधी) झाला की थांबतं, त्यानंतर आयुष्यातले प्रश्न मोठे होत जातात, आजारपण येतं, लग्न येतं, जवळचं माणूस जातं, पण उत्तरं मात्र शाळकरी वयात पाठ केलेलीच राहतात. मिस्सेतलं दहा मिनिटांचं प्रवचन ही दरी भरून काढू शकत नाही. एखाद्या चांगल्या कार्यक्रमात कुणी धर्मगुरू किंवा एखादी अभ्यासू बाई अर्धा तास बसून फक्त एका उताऱ्यावर बोलते, मागचा इतिहास सांगते, लोकांचे अवघड प्रश्न घेते, तेव्हा बऱ्याच जणांना पहिल्यांदाच कळतं की अरे यावर इतका विचार आधीच झालेला आहे.

पण माझ्या मते खरी ताकद ठरलेल्या वेळेत आहे. दुपारी बाराला अँजेलस (मरियेची छोटी प्रार्थना), तीनला दैवी दयेची जपमाळ, संध्याकाळी रोझरी. कार्यक्रम तुमचा मूड आहे का हे विचारत नाही, तो त्याच्या वेळेला सुरू होतो आणि तुम्ही त्यात येऊन बसता. स्वतःहून रोज प्रार्थना करणं ज्यांना जमत नाही (आणि ते बहुतेकांना जमत नाही, उगाच का नाकारायचं) त्यांना असा बाहेरून मिळालेला ठेका फार उपयोगी पडतो. महिना-दोन महिने गेले की मग रेडिओ बंद असला तरी त्या वेळेला हात आपोआप माळेकडे जातो.

आणि सोबत. रेडिओवर रोझरी चालू असते तेव्हा 'नमो मरिये'चा अर्धा भाग तिकडून येतो आणि उरलेला अर्धा आपण म्हणतो, मध्येच कुणाच्या ऑपरेशनसाठी, कुणाच्या नोकरीसाठी विनंती वाचली जाते, आणि एकट्या राहणाऱ्या माणसाला कळतं की याच क्षणी आणखी कितीतरी लोक हेच शब्द म्हणतायत. घरातल्या घरात बसून आपण एका मोठ्या मंडळीचे आहोत ही जाणीव होणं, हे एकट्याने पुस्तक वाचून तितक्या सहज होत नाही.

फक्त एक सांगतो, कार्यक्रम बघताना डोळ्यात पाणी आलं म्हणजे श्रद्धा वाढली असं धरून चालू नका. चांगलं संगीत आणि चांगला कॅमेरा असला की पाणी कशानेही येतं. बघून झाल्यावर कुणाला फोन करून भांडण मिटवलंत का, बरेच दिवस टाळलेलं कन्फेशन (धर्मगुरूंपुढे पापांची कबुली) केलंत का, बायबल उघडलंत का, ते बघा.

टीव्हीवर मिस्सा बघितली की रविवारचं कर्तव्य पूर्ण होतं का?

नाही. हा सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न आहे आणि उत्तर सरळ आहे, पण लोक ते अर्धवट ऐकतात म्हणून जरा सविस्तर सांगतो.

चर्चच्या कायद्यात, म्हणजे कॅनन लॉच्या १२४७ व्या कलमात, रविवारी आणि सक्तीच्या सणांना मिस्सेत सहभागी व्हायचं असं आहे आणि १२४८ मध्ये ते कसं पूर्ण होतं ते दिलंय, त्या दिवशी किंवा आदल्या संध्याकाळी जिथे कॅथलिक विधीने मिस्सा होते तिथे हजर राहून. हजर म्हणजे तिथे शरीराने असणं. स्क्रीनवर बघणं यात बसत नाही.

पण उरलेलं अर्धं उत्तर असं, की ज्याला जाणं शक्यच नाही त्याच्यावर हे कर्तव्य लागूच होत नाही. कॅटेकिझमच्या, म्हणजे चर्चच्या शिकवणीच्या अधिकृत पुस्तकाच्या, २१८१ क्रमांकाच्या परिच्छेदात आजारपण आणि तान्ह्या बाळाची काळजी ही उदाहरणंच दिली आहेत. त्यामुळे अंथरुणाला खिळलेली आजी टीव्हीवर मिस्सा बघते तेव्हा ती कसली भरपाई करत नसते आणि तिला अपराधी वाटायचं काहीच कारण नसतं, ती प्रार्थना करते आहे आणि ती खरी प्रार्थना आहे. १२४८ च्याच पुढच्या भागात म्हटलंय की मिस्सेला जाणं अशक्य असेल तर शब्दविधीत (बायबलवाचन आणि प्रार्थनेच्या विधीत) भाग घ्यावा किंवा एकट्याने, कुटुंबात प्रार्थनेसाठी पुरेसा वेळ द्यावा अशी जोरदार शिफारस आहे. टीव्हीवरची मिस्सा तिथे उत्तम मदत करते.

उलट ज्याचे पाय धडधाकट आहेत आणि जो पाऊस पडतोय, पार्किंग मिळत नाही, तिकडचं प्रवचन जास्त चांगलं असतं म्हणून सोफ्यावरून मिस्सा बघतो, त्याचं काय ते त्याला स्वतःलाच माहिती असतं.

यामागचं कारण नुसतं नियमाचं नाही. येशूने 'घ्या आणि खा' म्हटलं, 'घ्या आणि बघा' नाही म्हटलं. लग्नाला व्हिडिओ कॉलवरून हजर राहिलेल्या माणसाचा आनंद खरा असतो, पण तो जेवायला बसलेला नसतो, एवढाच फरक आहे आणि तो फार मोठा आहे.

कोविडमध्ये तर सगळेच ऑनलाइन मिस्सा बघत होते, मग तेव्हा कसं चाललं?

तेव्हा बिशपांनीच रविवारचं बंधन उठवलं होतं, म्हणजे टीव्हीने कर्तव्य पूर्ण होत होतं असं नाही, कर्तव्यच तात्पुरतं नव्हतं. ९ मार्च २०२० पासून १७ मे २०२० पर्यंत पोप फ्रान्सिस यांची व्हॅटिकनमधल्या सांता मार्ता निवासातली सकाळची मिस्सा रोज थेट दाखवली गेली आणि जगभर लोकांनी तिच्यावर दिवस काढले. २७ मार्चला संध्याकाळी पावसात, पूर्ण रिकाम्या सेंट पीटर्स चौकात त्यांनी केलेली प्रार्थना आणि पवित्र साक्रामेंताचा (ख्रिस्तप्रसादाचा) आशीर्वाद तर ज्यांनी पाहिला ते विसरलेले नाहीत. टीव्हीने श्रद्धेला आधार दिल्याचं याहून मोठं उदाहरण निदान माझ्या डोळ्यासमोर नाही.

आणि गंमत बघा, याच पोपनी त्याच काळात, १७ एप्रिलला, सांता मार्तातल्याच मिस्सेत इशारा दिला की लोकांपासून आणि संस्कारांपासून तुटलेली, फक्त स्क्रीनवरची ओळख ही चर्च नव्हे, ही परिस्थिती बोगद्यातून बाहेर पडण्यापुरती आहे, तिथेच राहण्यासाठी नाही. नंतर त्याच वर्षी व्हॅटिकनचा उपासनाविधी विभाग तेव्हा सांभाळणाऱ्या कार्डिनल रॉबर्ट सारा यांनी जगभरातल्या बिशप परिषदांना पत्र लिहून सांगितलं की कुठलंही प्रक्षेपण प्रत्यक्ष सहभागाच्या बरोबरीचं नाही, लोकांनी परत यावं. म्हणजे ज्यांनी कॅमेरा आत घेतला तेच कॅमेऱ्याच्या मर्यादाही सांगत होते. मला हे फार आवडतं, खरं सांगायचं तर.

तसा हा वादही नवा नाहीच. पॅरिसच्या नोत्र दाम कॅथेड्रलमधून २४ डिसेंबर १९४८ ला नाताळची मिस्सा टीव्हीवर दाखवली गेली, तेव्हापासून लोक भांडतायत. १९५० च्या दशकात कार्ल राहनरसारख्या मोठ्या थिऑलॉजियनने (धर्मशास्त्राच्या अभ्यासकाने) मिस्सा टीव्हीवर दाखवूच नये असं मत मांडलं होतं, कारण इतकी पवित्र गोष्ट कुणीही, कसंही, येता-जाता बघावी असं त्यांना योग्य वाटत नव्हतं. चर्चने त्यांचं ऐकलं नाही, मिस्सा दाखवणं चालूच राहिलं. पण हातात चहाचा कप आणि मांडीवर मोबाईल घेऊन मिस्सा बघणारी मंडळी दिसली की राहनर अगदीच चुकीचं बोलत नव्हते असं वाटून जातं.

घरी आजारी माणूस आहे, त्याने टीव्हीवरची मिस्सा कशी बघावी?

आधी एक गोष्ट सांगतो. असिसीची संत क्लारा आयुष्याच्या शेवटी आजारी होती, नाताळच्या रात्री तिला उठून चर्चमध्ये जाता येईना, आणि परंपरा सांगते की तिला अंथरुणावरूनच दूरच्या चर्चमधला विधी दिसला आणि ऐकू आला. यावरूनच १९५० च्या दशकात पोप बारावे पायस यांनी तिला टेलिव्हिजनची आश्रयदाती संत ठरवलं. म्हणजे टीव्हीची संत ही मुळात एक आजारी, घरात अडकलेली बाई आहे. टीव्हीवरची मिस्सा कुणासाठी आहे हे कळायला एवढं पुरे.

आता व्यवहाराचं. शक्यतो थेट प्रक्षेपण बघा, वेळ ठरलेली ठेवा. समोर क्रूस किंवा मेणबत्ती असली तर बरं. जेवण, फोन, घरातली ये-जा तेवढा वेळ बाजूला. उत्तरं मोठ्याने म्हणा, ज्यांना जमतं त्यांनी उभं राहावं, गुडघे टेकावेत, ज्यांना जमत नाही त्यांनी पडल्या पडल्या नुसतं मन लावलं तरी चालतं. कम्युनियनच्या, म्हणजे ख्रिस्तप्रसाद घेण्याच्या, वेळी आत्मिक कम्युनियनची प्रार्थना करा, संत आल्फोन्सस लिगोरी यांची प्रार्थना त्यासाठी प्रसिद्ध आहे, तिचा अर्थ साधारण असा की आत्ता मी तुला प्रत्यक्ष स्वीकारू शकत नाही, निदान आत्म्याने माझ्या हृदयात ये. बऱ्याच चॅनेलवर ती पडद्यावरच दाखवतात.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, पॅरिशमध्ये (आपल्या भागातल्या चर्चमध्ये) कळवा. आजाऱ्यांसाठी घरी कम्युनियन आणायची सोय असते, फादर येतात किंवा नेमलेले सेवक येतात. टीव्ही लावून दिला म्हणजे आजीची सोय झाली असं समजून घरचे निवांत होतात, ते काही बरोबर नाही. महिन्यातून एकदा खरा माणूस खरा ख्रिस्तप्रसाद घेऊन दारात आला तर उरलेले सगळे दिवस टीव्हीवरची मिस्सा बघायला वेगळाच अर्थ येतो.

टीव्हीवरून दिलेला आशीर्वाद लागतो का? आणि फोनवर, ऑनलाइन कन्फेशन?

आशीर्वाद, हो. पोप नाताळला आणि पुनरुत्थान रविवारी 'उर्बी एत ऑर्बी' आशीर्वाद देतात, त्याच्यासोबतची पूर्ण दंडक्षमा (माफ झालेल्या पापांची उरलेली शिक्षा माफ होणं) थेट प्रक्षेपण भक्तीने बघणाऱ्या-ऐकणाऱ्यालाही मिळते, १९८५ मध्ये व्हॅटिकनच्या अपोस्टोलिक पेनिटेन्शरीने (दंडक्षमेचं काम बघणाऱ्या कार्यालयाने) तसा आदेशच काढला. अर्थात नेहमीच्या अटी आहेतच: कन्फेशन, कम्युनियन, पोपच्या हेतूंसाठी प्रार्थना आणि पापाचा मोह सोडायची तयारी.

कन्फेशन, नाही. फोनवर नाही, व्हिडिओवर नाही, चॅटवर तर नाहीच. २००२ मध्ये व्हॅटिकनने इंटरनेटबद्दल जो दस्तऐवज काढला त्यात स्पष्ट लिहिलंय की इंटरनेटवर संस्कार होत नाहीत. कुठल्या कार्यक्रमात कुणी उलटं सांगत असेल तर तो कार्यक्रम बंद करा.

हे सगळं सुरू कधी झालं? चर्च तर नव्या गोष्टींना विरोध करतं ना?

या बाबतीत तरी नाही. व्हॅटिकन रेडिओ १२ फेब्रुवारी १९३१ ला सुरू झाला, पोप अकरावे पायस लॅटिनमध्ये बोलले, आणि केंद्र उभारून देणारा माणूस कोण तर स्वतः गुग्लिएल्मो मार्कोनी. चालवायला दिलं जेझुइट या संन्यासी संघाला. १९५७ मध्ये बारावे पायस यांनी सिनेमा, रेडिओ आणि टीव्ही या तिघांवर मिळून एक विश्वपत्र (सगळ्या चर्चला उद्देशून पोपचं पत्र) लिहिलं. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने, म्हणजे जगभरच्या बिशपांच्या सभेने, ४ डिसेंबर १९६३ ला जे पहिले दोन दस्तऐवज मंजूर केले त्यातला एक या माध्यमांवरच होता, आणि त्यातूनच १९६७ पासून दरवर्षी जागतिक संपर्क दिन पाळला जातो. पोप दुसरे जॉन पॉल यांच्या काळात, १९८३ मध्ये, व्हॅटिकनचं टीव्ही केंद्र झालं. आता रेडिओ, टीव्ही, वर्तमानपत्र सगळं एकाच संपर्क विभागाखाली आहे.

पण मला जास्त भारी वाटतात त्या खालून, जवळजवळ पैसे नसताना सुरू झालेल्या गोष्टी. मदर अँजेलिका ही अमेरिकेतल्या अलाबामा राज्यातल्या आयर्नडेलची एक बंदिस्त मठात राहणारी पुअर क्लेअर नन, म्हणजे वर सांगितलेल्या संत क्लाराच्याच संघातली, तिने १५ ऑगस्ट १९८१ ला मठाच्या गॅरेजमध्ये ईडब्ल्यूटीएन हे चॅनेल सुरू केलं, सुरुवातीला दिवसाला फक्त ४ तास. आज ते जगातल्या सगळ्यात मोठ्या धार्मिक माध्यमसंस्थांपैकी एक आहे. इटलीत एर्बा नावाच्या गावात १९८२ मध्ये पॅरिशचा रेडिओ म्हणून रेडिओ मारिया सुरू झाला, हेतू एवढाच की घरात असलेल्या लोकांना प्रार्थनेत जोडून घ्यावं, आणि आता त्याची केंद्रं अनेक खंडांत आहेत, बरंचसं काम स्वयंसेवक करतात.

याने खरंच कुणाला आधार मिळालाय, की हे सगळं प्रचाराचं बोलणं आहे?

याचं उत्तर शोधायचं तर अडचणीच्या काळात बघायचं, कारण सगळं सुरळीत असताना कुठलाही कार्यक्रम चांगलाच वाटतो.

दुसऱ्या महायुद्धात व्हॅटिकन रेडिओ बेपत्ता सैनिक, युद्धकैदी आणि विस्थापितांची नावं आणि निरोप वाचून दाखवायचा. असे १२ लाखांहून जास्त निरोप गेले. विचार करा, तासन् तास नुसती नावं. ना प्रवचन, ना संगीत. पण ज्या आईला त्यातून मुलगा जिवंत असल्याचं कळलं असेल तिला चर्च म्हणजे काय हे वेगळं समजावून सांगायची गरज पडली नसेल.

दुसरं उदाहरण पोलंडचं. ऑगस्ट १९८० मध्ये ग्दान्स्कच्या जहाज कारखान्यातल्या संपकरी कामगारांनी कम्युनिस्ट सरकारपुढे २१ मागण्या ठेवल्या, त्यातल्या तिसऱ्या मागणीत सगळ्या धर्मांच्या प्रतिनिधींना प्रसारमाध्यमं खुली करावीत असं होतं. करार झाला आणि २१ सप्टेंबर १९८० पासून वॉर्सामधल्या होली क्रॉस चर्चमधली रविवारची मिस्सा सरकारी रेडिओवर लागायला लागली. पगार, मांस, सुट्ट्या यांच्या यादीत लोक हे मागतात, नोकरी आणि तुरुंग पणाला लावून मागतात, म्हणजे त्यांना त्याची भूक होती. फुकट मिळतं म्हणून आपण चॅनेल बदलत बसतो ती गोष्ट वेगळी.

फिलिपिन्समध्ये फेब्रुवारी १९८६ मध्ये कार्डिनल हाइमे सिन यांनी रेडिओ वेरितासवरून लोकांना हुकूमशहा मार्कोस यांच्याविरुद्ध रस्त्यावर यायचं आवाहन केलं आणि लोक हातात जपमाळ घेऊन रणगाड्यांसमोर उभे राहिले, हे तर प्रसिद्धच आहे. आणि कोलंबियात १९४७ मध्ये होसे होआकिन साल्सेदो नावाच्या फादरनी सुतातेन्सा गावात रेडिओ सुरू केला, त्यावर शेतकऱ्यांना लिहायला-वाचायला, शेतीचं, आरोग्याचं शिकवलं आणि सोबत धर्मही. श्रद्धा वाढवणारा कार्यक्रम म्हणजे सतत देव देव करणारा कार्यक्रम असं ज्यांना वाटतं त्यांनी सुतातेन्साबद्दल जरूर वाचावं.

रेडिओ चांगला की टीव्ही?

मिस्सा आणि मोठे सोहळे असतील तर टीव्ही. रोजच्यासाठी रेडिओ, आणि आता मोबाईलवरचा ऑडिओ धरला तर तोही रेडिओच. कारण रेडिओ तुमचे डोळे आणि हात अडवत नाही, काम करता करता ऐकता येतं, आणि ऐकताना चित्र तुमचं तुम्हाला बनवावं लागतं त्यामुळे मन कामाला लागतं. टीव्हीवर फादरचा झगा, फुलांची सजावट, कॉयरमधली बाई कोण, याकडे निम्मं लक्ष जातं. अंधारात, डोळे मिटून ऐकलेलं शुभवर्तमान जास्त आत जातं असं माझं मत आहे. ज्यांना पटत नाही त्यांनी टीव्ही बघावा, काही बिघडत नाही.

कॅथलिक चॅनेलवर जे सांगतात ते सगळं चर्चचं अधिकृत मत असतं का?

अजिबात नाही, आणि हे नीट लक्षात ठेवा.

नियम आहेत. कॅनन २१६ प्रमाणे अधिकाऱ्यांच्या संमतीशिवाय कुठल्याही उपक्रमाने स्वतःला 'कॅथलिक' म्हणवून घ्यायचं नाही. ८३१ व्या कलमात धर्मगुरूंनी आणि संन्यस्तांनी श्रद्धा-नीतीच्या विषयावर रेडिओ-टीव्हीवर बोलण्याबद्दल बिशप परिषदेने नियम ठरवावेत असं आहे. पण नियम असला तरी रोज चोवीस तास बोललं जाणारं प्रत्येक वाक्य कुणी तपासत नाही, आणि आजकाल तर कॅमेरा घेतला की चॅनेल तयार.

इतिहासातलं सगळ्यात मोठं धडा देणारं नाव म्हणजे चार्ल्स कॉगलिन, १९३० च्या दशकातले अमेरिकेतले 'रेडिओ प्रीस्ट'. कोट्यवधी श्रोते, पोत्यांनी पत्रं. सुरुवात मुलांसाठी धर्मशिक्षणाने झाली, मग अर्थकारण आलं, मग राजकारण, आणि शेवटी उघड ज्यूद्वेष. १९४२ मध्ये त्यांच्या आर्चबिशपने त्यांना गप्प केलं तेव्हा बरंच नुकसान होऊन गेलं होतं. आवाज गोड आहे, अंगावर झगा आहे, लोक भरपूर ऐकतात, यातलं काहीच ते खरं असल्याचा पुरावा नाही.

माझी स्वतःची चाळणी सांगतो. जो कार्यक्रम ऐकून मला दर वेळी कुणाचा तरी राग येतो तो मी बंद करतो. जो सतत पोप आणि बिशप कसे चुकतायत एवढंच सांगतो तोही. आणि जो जगाच्या शेवटाची तारीख किंवा कुठलंसं गुप्त दर्शन सांगतो तो तर लगेच. प्रश्न राहिलाच तर कॅटेकिझम घेऊन तपासा किंवा आपल्या फादरना विचारा.

चमत्काराने बरं करण्याचे कार्यक्रम बघावेत का, स्क्रीनवर हात ठेवा म्हणतात ते?

बरं होण्यासाठी प्रार्थना करणं ही चर्चची जुनी गोष्ट आहे, आजाऱ्यांचा तैलाभ्यंग (पवित्र तेल लावून प्रार्थना) हा तर संस्कारच आहे. पण व्हॅटिकनच्या श्रद्धासिद्धान्त मंडळाने सप्टेंबर २००० मध्ये सूचना काढली, तिच्यात अशा प्रार्थनांच्या टीव्ही-रेडिओवरच्या प्रक्षेपणावर बिशपची देखरेख हवी असं सांगितलंय आणि उन्माद, नाटकीपणा, सनसनाटी नको असंही. त्यामुळे कार्यक्रमात किंचाळणं, लोक पडणं आणि लगेच खाली अकाउंट नंबर असेल तर समजून जा. औषधं बंद करा असं कुणी म्हणालं तर मग प्रश्नच मिटला, ते बघायचंच नाही.

दिवसभर चॅनेल लावून ठेवतो, घरात चांगलं वातावरण राहतं. बरोबर ना?

वाईट नाही, पण दिवसभर मागे वाजत राहिलं की कानाला त्याची सवय होते आणि मग प्रभूची प्रार्थना चालू असताना आपण भाजीचा हिशोब करत बसतो. दिवसातली वीस मिनिटं लक्ष देऊन आणि बाकी वेळ बंद, हे जास्त कामाचं. शांततेचीही प्रार्थनेला गरज असते, आणि चोवीस तास चालणारं चॅनेल तेवढं मात्र देऊ शकत नाही.

मुलांना कंटाळा येतो, त्यांना कसं बसवायचं?

बळजबरीने बसवू नका. तासभराच्या प्रवचनाला मोठ्यांनाही कंटाळा येतो, फक्त ते बोलून दाखवत नाहीत. संतांच्या गोष्टी, छोटे ॲनिमेशन, जागतिक युवा दिनाची दृश्यं, असं दहा-पंधरा मिनिटांचं घ्या आणि सोबत बसा, नंतर एखादा प्रश्न विचारा आणि त्यांना बोलू द्या. टीनएजर मुलांसाठी संवादाचे, मुलाखतींचे पॉडकास्ट जास्त चालतात, त्यातही नास्तिकांचे प्रश्न टाळले जात नाहीत असे. आईबाप स्वतः कधी बघत नाहीत आणि मुलांना लावून देतात तिथे काही होत नाही.

माझे मित्र कॅथलिक नाहीत, त्यांना असे कार्यक्रम दाखवू का?

दाखवा, पण निवडून. आर्चबिशप फुल्टन शीन १९५२ पासून अमेरिकन टीव्हीवर भर गर्दीच्या वेळेत, समोर तगडे विनोदी कार्यक्रम असताना, फळा आणि खडू घेऊन उभे राहायचे आणि लाखो लोक बघायचे, त्यात प्रोटेस्टंट, ज्यू, काहीच न मानणारे सगळे. १९५३ चा एमी पुरस्कारही मिळाला. ते काय करायचे, तर भीती, एकटेपणा, दुःख, मुलं वाढवणं अशा सगळ्यांच्या विषयापासून सुरुवात करायचे, मध्ये चांगले विनोद करायचे आणि तिथून हळूच देवाकडे यायचे. मित्राला पहिल्याच दिवशी नोव्हेना (नऊ दिवसांची प्रार्थना) दाखवली तर तो तुमचं मन राखायला बसेल आणि परत फिरकणार नाही.

नव्याने सुरुवात करायची तर कुठून करू?

एकच गोष्ट घ्या आणि ती रोज करा. माझा सल्ला म्हणजे त्या दिवसाचं शुभवर्तमान आणि त्यावरचं पाच-दहा मिनिटांचं चिंतन, शक्यतो आपल्या भाषेतलं. ते जमलं की आठवड्यातून एक शिकवणारा कार्यक्रम, आणि तो बघताना वही जवळ, एखादा मुद्दा, एखादं वचन लिहून ठेवायचं. नंतर ते बायबलमध्ये काढून बघायचं. जमलं तर घरात किंवा शेजारच्या दोन-तीन जणांसोबत बघा, कारण एकट्याने बघितलेलं पटकन उडून जातं आणि कुणाशी बोललेलं राहतं. प्रायश्चित्तकाळ (ईस्टरआधीचा) किंवा आगमनकाळ (नाताळआधीचा) असेल तर सुरुवातीला आणखी सोपं जातं, चॅनेलवर त्या काळाचे खास कार्यक्रम असतात आणि शेवट कुठे आहे ते आधीच माहीत असतं.

पैसे पाठवावेत का?

ईडब्ल्यूटीएन आणि रेडिओ मारिया दोघेही जाहिराती न घेता देणग्यांवर चालतात, बाकीच्या बऱ्याच ठिकाणीही तसंच आहे, तेव्हा नियमित ऐकत असाल तर थोडंफार देणं योग्यच. आधी बघा की त्या चॅनेलला स्थानिक बिशपची मान्यता आहे का आणि हिशोब जाहीर करतात का. अमुक रक्कम पाठवली तर अमुक कृपा मिळेल असं कुणी म्हणत असेल तर एक रुपयाही देऊ नका, कृपा विकणं हे चर्चमध्ये पाप आहे आणि त्याला सायमनी म्हणतात. आणि आपल्या पॅरिशची दानपेटी आधी, चॅनेल नंतर. तुमचा बाप्तिस्मा, लग्न आणि मयताची मिस्सा चॅनेलवाले येऊन करणार नाहीयेत.